आधी पुसायचं, मग विचारायचं

मी टॉवेल बोलतोय. ओळख पटणार नाही, कारण हल्ली मला सगळे ‘फडकं’ म्हणतात, आणि तेही दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून. जवळ येऊ नका, फिनाईलचा वास येईल. लांबूनच ऐका. थकलोय, त्यामुळे आवाज चढवणार नाही. पण गप्पही बसणार नाही. ज्यानं सगळं पाहिलं त्यानंच गप्प बसावं, हा कुठला न्याय?

माझा जन्म कापडगिरणीतला. लांबलचक ताग्यातून कापला गेलो तेव्हा चांगला जाडजूड होतो, निळा, टोकाला पांढरा पट्टा. दुकानातून जो आलो तो थेट या शिंप्याच्या घरी. सुरुवातीला मास्तरांच्या खांद्यावर मान होता. इस्त्री करताना ते मला गळ्यात टाकत आणि घाम पुसत. मग त्यांच्या लेकीचे, ताईचे, ओले केस माझ्यात गुंडाळले गेले. तेही चांगलेच दिवस होते. मग विरळ झालो, आणि एका सकाळी मास्तरीणबाईंनी मला उजेडात धरलं, आरपार खिडकी दिसली, आणि त्या म्हणाल्या, “हा फरशीला घेते.” बढती माणसांना मिळते. कापडाला फक्त उतरण.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि शिवून झालेल्या गणवेशांचे गठ्ठे. आतल्या खोलीत चूल, पलंग आणि उरलेला संसार. मास्तर कापतात, मास्तरीणबाई शिवतात आणि मास्तरांचे वडील, म्हणजे आजोबा, खिडकीपाशी बसून काजं-बटणं करतात. ताई एका गोदामात हिशेब तपासायला जाते. माणसं वाईट नाहीत. एक खोड मात्र आहे. या घरात काही सांडलं की आधी पुसतात आणि मग कुणी सांडलं ते विचारतात. तोवर सगळा पुरावा माझ्यात शिरलेला असतो आणि मी मोरीत पिळला गेलेलो असतो.

एका संध्याकाळी ताई पिशवीत काहीतरी वळवळणारं घेऊन आली.

“हे काय आणलंस?” मास्तरांनी विचारलं.

“कुत्र्याचं पिल्लू. गोदामामागे एकटंच रडत होतं.”

“पिल्लू आहे ते दिसतंय मला. कशाला आणलंस?”

“बाबा, दोन दिवस फक्त.”

“असू दे रे,” आजोबा खिडकीतून म्हणाले. “मीसुद्धा तुझ्याकडे दोन दिवसांसाठीच आलो होतो.”

पिल्लू राहिलं. डोळे काळे, गोल, चमकदार, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं बटण. पोट टम्म, पाय लटपटते आणि शेपूट अशी हलायची की मागचा अर्धा देह तिच्याबरोबर जायचा. मीही त्याला जीव लावला, हे कबूल करतो. फरशीवरच्या माणसाला फरशीवरचाच सोबती मिळाला होता.

आणि मग त्याचं पोट बिघडलं.

एका घरात एक पोट बिघडलं की चार वैद्य उभे राहतात. आजोबा म्हणाले, दूध द्या, पोटाला थंडावा मिळेल. मास्तर म्हणाले, काहीच देऊ नका, आपोआप जागेवर येईल. ताईनं पाकिटातलं खाणं आणलं, त्यानं थांबेना म्हणून दुसरं आणलं, मग तिसरं. त्या एवढ्याशा आतड्याला एका खाण्याची ओळख होईपर्यंत दुसरं येऊन दारात उभं. आणि ज्याला त्याला वाटायचं, बिचारं उपाशीच आहे; मग प्रत्येक जण चोरून काहीतरी भरवायचा आणि विचारलं की हात वर. “मी? मी काही दिलं नाही बाई.” मास्तरीणबाई तेवढ्या काही भरवत नव्हत्या. त्या पुसत होत्या.

सकाळी पुसत होत्या, मशीनवरून उठून पुसत होत्या, गिऱ्हाइकाची मापं घेता घेता “आलेच हं” म्हणून पुसत होत्या. शाळा उघडायच्या तोंडावर आल्या होत्या आणि टेबलावर पांढऱ्या शर्टांचा ढीग होता. पिल्लू बसायला लागलं की त्यांचा हात माझ्याकडे यायचाच. डोळे मिटून, नाक दाबून एका झपाट्यात फरशी लख्ख. मी मोरीत, फिनाईलमध्ये, पिळा, पुन्हा दारामागे. पाठ टेकते न टेकते तोच, “अहो, ते फडकं द्या हो!”

शेवटी ताईनं हट्ट धरला आणि तिला घेऊन मास्तर डॉक्टरकडे निघाले. वाटेत घाण होईल म्हणून खोक्यात पिल्लाखाली मला अंथरलं. म्हणून तिथे काय झालं ते मी सांगू शकतो, ऐकीव नाही.

जनावरांच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोट चाचपलं आणि विचारलं, “दिवसातून किती वेळा?”

“तीन-चार,” मास्तर म्हणाले.

“काय बाबा! सात-आठ तरी.”

“रंग?”

“पिवळसर.”

“नाही, तपकिरी.”

“आव पडते का? रक्त? जंत? पाहिलंय कुणी?”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मास्तर चक्क अभिमानानं म्हणाले, “आमची ही लगेच पुसून घेते ना. घर एकदम आरशासारखं असतं.”

“स्वच्छतेचं मी विचारलंच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बरं, घरात कापड, दोरा, प्लास्टिक असलं काही गिळत नाही ना?”

“छे! शिवणकामाचं घर आहे आमचं, सगळं जागच्या जागी असतं.”

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. शिंप्याच्या घरात दोरे जागच्या जागी! टेबलाखाली कात्रणांचा सडा, मशीनच्या पायाशी दोऱ्यांची गुंतवळ, त्यात हे दात शिवशिवणारं पिल्लू दिवसभर लोळतंय, आणि हे गृहस्थ छाती काढून सांगतायत की छे! जनावराला वाचा नाही, कापडाला वाचा नाही. ज्यांना आहे ते घराची अब्रू राखत बसलेले. असं खोटं बोलणाऱ्याला आपण खोटारडा म्हणत नाही, नीटनेटका म्हणतो.

डॉक्टरबाईंनी मऊ भात सांगितला, दूध बंद सांगितलं, गोळ्या पूर्ण संपवायला सांगितल्या आणि हातात एक छोटी बाटली दिली. “यात ताजा नमुना आणा. फिनाईल लागायच्या आत. बघितल्याशिवाय मला पुढचं कळणार नाही.”

बाटली खिडकीत उभी राहिली ती राहिलीच. गोळ्यांनी पिल्लाला जरा बरं वाटलं, तर मास्तर म्हणाले, उगाच औषधाचा मारा कशाला, आणि गोळ्या बंद. आजोबांचं दूध गुपचूप चालू. नमुन्याची गोष्ट काढली की प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव आठवायचं.

“आई, आज तरी पुसू नकोस हं. मी येईपर्यंत थांब.”

“थांबते की! आणि गिऱ्हाईक आलं तर काय सांगू? बसा हं, पाय जपून, मध्ये नमुना आहे?”

“मामंजी तर दिवसभर घरीच असतात,” मास्तरीणबाई पुढे म्हणाल्या.

“मला वाकता येत नाही गं,” आजोबा म्हणाले. दूध ठेवायला मात्र वाकता येत होतं.

मला नळाखाली धरलं की माझ्या अंगाला दोरे चिकटलेले निघायचे. पांढरे, निळे. मास्तरीणबाई ते नखानं उपटून टाकायच्या. शिंप्याच्या घरचं फडकं, त्याला दोरे लागणारच. पण मला फरक कळत होता. फरशीवरचा दोरा कोरडा असतो, सुटा असतो, पाण्यात टाकला की तरंगत निघून जातो. हे दोरे बुळबुळीत, पीळ पडलेले, एकमेकांत अडकलेले होते. ते पिल्लाच्या आतून येत होते. रोज त्यांच्या बोटांत येत होते आणि रोज त्या नळाखाली वाहून जात होते.

मग एक दिवस ढिगातला एक शर्ट खाली घसरला आणि त्याला पिल्लाचा डाग लागला. मास्तरीणबाई काही ओरडल्या नाहीत. तो शर्ट हातात धरून त्या खुर्चीवर बसल्या आणि इतक्या दमलेल्या दिसल्या की मला त्यांचा राग येईना. “माझ्याच्यानं आता होत नाही,” त्या म्हणाल्या. “ताई, रविवारी सुट्टी आहे ना तुला? त्याला जिथून आणलंस तिथे सोडून ये.”

“आई, मरेल तो.”

“इथे कुठे जगतोय?”

ताईनं बापाकडे पाहिलं. मास्तरांनी खडू उचलला आणि कापडावर रेघ मारायला लागले. आजोबा सुईत दोरा ओवत राहिले. तो काही ओवला जाईना.

पण रविवार यायच्या आधीच पिल्लानं खाणं सोडलं. दुपारी नुसतं पाणी ओकलं. मग उठून कुंथायला लागलं, पाठीची कमान करून, पाय थरथरत, आणि बाहेर काहीच येईना. ताई कामावर होती. मास्तरीणबाई सवयीनं मला घेऊन धावत आल्या, वाकल्या, आणि पुसायला खाली काहीच नव्हतं. फरशी कोरडी. म्हणून, केवळ म्हणून, त्यांनी पहिल्यांदा पिल्लाकडे पाहिलं.

“अहो, इकडे या बघू. याच्या मागे दोरा लोंबतोय.”

मास्तर आले. गळ्यात टेप, कानावर खडू. लोंबता दोरा दिसला की शिंप्याचा हात विचार करत नाही. सगळ्या हयातीत त्यांनी लोंबता दोरा तसाच सोडलेला नव्हता. ते खाली बसले आणि दोन बोटांत दोऱ्याचं टोक धरलं. पिल्लू कळवळलं.

“सोडा!” मास्तरीणबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. “सोडा आधी!”

“अगं, निघेल एका झटक्यात.”

“आणि आत कुठवर गेलाय ते ठाऊक आहे? एवढा धंदा केलात, आणि धावदोरा ओढल्यावर कापडाचं काय होतं ते मी सांगू तुम्हाला? चुण्या पडतात! आतडं आहे ते!”

मास्तरांची बोटं सुटली. चेहरा उतरला. मग मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मुठीत मी होतो आणि माझ्या विणीत कालचा एक निळा दोरा अडकून राहिला होता. त्यांनी तो नखानं सोडवला नाही. बोटावर घेतला, वास घेतला. “रोज निघत होते हो,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, फरशीचेच.”

या वेळी मला अंथरायला कुणी सांगितलं नाही. त्यांनी मला पिल्लाभोवती गुंडाळलं आणि दोघं तसेच निघाले, शिवत असलेली बाही मशीनच्या सुईखाली तशीच ठेवून.

डॉक्टरबाईंनी दोरा पाहिला आणि विचारलं, “ओढला नाहीत ना?”

“नाही. हिनं ओढू दिला नाही,” मास्तर म्हणाले. मग टेबलाची कड धरून उभे राहिले. “डॉक्टर, मागच्या वेळी मी खोटं बोललो. आमच्याकडे दोरे असतात. सगळीकडे असतात. आणि गोळ्यासुद्धा मीच बंद केल्या.”

“हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. “पोट उघडावं लागेल. जीव लहान आहे, सुकलाय. मी खात्री देत नाही.”

त्यानंतरचं मला दिसलं नाही. मी बाहेर बाकावर मास्तरीणबाईंच्या मांडीवर होतो. निरोप मिळताच ताई धावत आली, आईशेजारी बसली. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई एका ताटलीत भिजलेला लांब दोरा आणि निळ्या कापडाचा चोळामोळा घेऊन आल्या. आतडं त्या दोऱ्यावर गोळा झालं होतं, म्हणाल्या, चुण्या पडाव्यात तसं. ओढला असता तर कापलं गेलं असतं. आता रात्र निघाली तर निघाली.

निघाली. दुसऱ्या दिवशी ते पिंजऱ्यात होतं, पोटाला पट्टी, आणि त्याला घरचा वास यावा म्हणून खाली मी. या खेपेला मला नुसत्या पाण्यानं धुतलं होतं. त्यानं मान उचलली. ताईनं बोटावर भाताची पेज धरली, त्यानं चाटली. ताई रडली, मास्तर नाक पुसत भिंतीकडे वळले. “घरी गेल्यावर टेबलाखाली आडवी फळी ठोकतो, कात्रणांत शिरायलाच नको,” ते भिंतीलाच म्हणाले.

आणि तेवढ्यात माझ्या सोबत्यानं काय करावं? माझं फाटकं टोक तोंडात घेतलं आणि चोखता चोखता एक धागा ओढून काढला.

“हे आत कुणी ठेवलं?” डॉक्टरबाई मागून गरजल्या. “आधी काढा ते! पुन्हा दोराच!”

मास्तरीणबाईंनी त्याच्या दातांतून धागा अलगद सोडवला आणि मला बाहेर घेतलं. मला वाटलं, नेहमीसारखं दोन बोटांत धरतील. त्यांनी दोन्ही हातांत धरलं, पसरलं, टोकापासून टोकापर्यंत नीट पाहिलं. मग घडी घातली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

आता मी इथे आहे. वर कापसाचे बोळे पडतायत. मला तक्रार नाही. त्या पिल्लाजवळ मी असता कामा नये, हे मला त्या डॉक्टरबाईंच्या आधीपासून ठाऊक होतं. दमलोही आहे खूप. फक्त तुम्हाला एक सांगून जातो. तुमच्याही दारामागे माझ्यासारखा कुणी टांगलेला असेल. त्याला हात घालण्याआधी खाली वाकून एकदा बघा. नाक दाबा हवं तर, पण डोळे उघडे ठेवा. आणि कुणी विचारलं की घरात काय सांडलंय, तर खरं सांगा. पलीकडच्या खोलीतून डबा उचलायला कुणीतरी येतंय. पिंजऱ्यातून कुंईकुंई ऐकू येतेय. भूक लागली असावी त्याला.