नुकुई सरांचं ‘चालेल’

“परत एकदा करून बघता का, कुराचीबाई?” शिओमीने खिडकीतून विचारलं.

“तीनदा केलंय. दोन पॉइंट नऊच येतात. तीन काही होत नाहीत, बाई.”

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बसते. कुणाला अमेरिकेला शिकायला जायचं असलं, की त्याची आपल्याकडची गुणपत्रिका माझ्या टेबलावर येते आणि मी तिचे तिकडच्या हिशोबाचे आकडे करून देते. ‘उत्तम’चे चार, ‘चांगले’चे तीन, ‘चालेल’चे दोन. बेरीज, भागाकार, शिक्का. तक्ता कुठल्याशा कमिटीने कधीतरी ठरवलेला. अक्कल लागत नाही, पण संध्याकाळपर्यंत डोळ्यांचं पार पाणी होतं. मार्चअखेर मी निवृत्त होणार, आणि खरं सांगायचं तर कधी एकदा सुटते असं झालंय.

शिओमीला मी ती इथे शिकत होती तेव्हापासून ओळखते. पहाटे घरोघर पेपर टाकून ओल्या बुटांनी वर्गात यायची. आता चाळिशीला टेकली. प्रांताच्या बांधकाम खात्यात आहे, रस्त्यांवर झुकलेले डोंगर तपासते. खात्याच्या खर्चाने परदेशी शिकायला जायची वयाची अट यंदा संपत होती. अमेरिकेतल्या त्या कॉलेजला किमान तीन हवे होते. त्याखालचा अर्ज ते उघडूनही बघत नाहीत.

“तुला कुणी सांगितलं होतं नुकुई सरांचे चार-चार विषय घ्यायला?” माझा जीव जळत होता म्हणून मी बोलले. “शेजारच्याच वर्गात बुद्ध बसलेले होते.”

आमच्याकडे पोरं मास्तरांच्या दोनच जाती मानतात, बुद्ध आणि राक्षस. बुद्ध उत्तरपत्रिका पंख्यापुढे धरतात आणि जी लांब उडेल तिला ‘उत्तम’ देतात, अशी थट्टा चालायची. राक्षस म्हणजे नुकुई सर. ते मातीचं शास्त्र शिकवायचे. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला ‘उत्तम’ दिलं नाही. अर्धा वर्ग नापास व्हायचा, आणि ज्याला त्यांचं ‘चालेल’ मिळे त्याला बाकीचे त्या रात्री बिअर पाजायचे. बांधकाम कंपन्यांनाही हे ठाऊक होतं. तक्त्याला तेवढं ठाऊक नाही. त्याच्या लेखी राक्षसाचे दोन ते दोनच, आणि पंख्याचे चार ते चारच.

“बुद्धांच्या वर्गात झोप यायची हो,” शिओमी हसली. “आणि आमच्या मामाचं घर डोंगराखाली गेलं होतं ना. डोंगर का सरकतो ते मला कळून घ्यायचं होतं. चारला येते मी पाकीट न्यायला.”

ती गेली. मी डबा उघडला. भाताचा गोळा थंडीने दगड झाला होता. अर्धा खाल्ला आणि ठेवून दिला.

दुपारी खिडकीशी काठी वाजली. बघते तो साक्षात नुकुई सर. बर्फातून बस धरून आले होते, अंगात जुना काळा सूट. त्यांनी टोपी काढली आणि मला वाकून नमस्कार केला. मी गडबडून उभीच राहिले.

“गुण दुरुस्तीचा अर्ज असतो ना? तो द्या.”

शिओमीने शिफारसपत्रासाठी त्यांना फोन केला होता, आणि त्यांनी खोदून खोदून तिच्याकडून आकडा काढून घेतला होता.

“कसली दुरुस्ती, सर?”

“बेरजेत चूक झाली होती. शिओमीच्या विषयांत.”

“चारही?”

“चारही.” माझ्याकडे बघत नव्हते.

याच माणसाकडे एकदा एका मुलाचे वडील गुण वाढवून मागायला महागडं खरबूज घेऊन आले होते. सरांनी त्यांना खरबुजासकट स्टेशनपर्यंत पोचवून दिलं होतं.

शिक्षकाने, मग तो निवृत्त का असेना, बेरजेची चूक झाल्याचं लिहून दिलं, की आम्ही गुण बदलतो. साहेब डोळे मिटून सही करतात. चूक-बीक काही झालेली नाही, हे मला शेंबडं पोर सांगेल इतकं स्पष्ट दिसत होतं. पण मी अर्ज दिला. कुणाचं काय जात होतं? मी तर आमचा शिक्काही काढून ठेवला. होऊन जाऊ दे एकदाचं, असंच मला वाटत होतं.

सर खिडकीवर वाकून लिहू लागले. एकेक अक्षर लिहायला वेळ लागत होता. लिहून झाल्यावर त्यांनी सहीच्या जागी मारायचा स्वतःचा शिक्का डबीतून काढला, तेवढ्यात शिओमी आली. तिने नमस्कार केला, आणि मग तिची नजर अर्जावर गेली.

“सर, चूक झाली होती?”

“हो.”

“माझ्याकडे बघून सांगा ना.”

सरांनी मान वर केली. “नाही,” ते म्हणाले. “तू लिहिलंस तेवढंच दिलं होतं. कमी नाही, जास्त नाही. पण पुढे कुणी त्याचे असे आकडे करेल, हे मला तेव्हा काय ठाऊक?”

“मग राहू द्या, सर.”

“अगं, वेडी का काय तू?” मी मध्येच बोलले. “सर स्वतः आलेत. यंदा गेलं की गेलं.”

“माहितीये हो मला.” तिने अर्ज सरांपुढून बाजूला सरकवला. “मला जायचंय. फार जायचंय. पण मी लोकांना सांगते, हा उतार टिकेल, घरी झोपा. हा नाही टिकणार, निघा. ऐकतात ते माझं. म्हातारी माणसं भरल्या ताटावरून उठतात. मी कशाच्या जोरावर बोलते हे? सरांनी माझ्यावर कधी दया केली नाही, त्याच जोरावर. तेवढं एक आहे माझ्याकडे. ते नका काढून घेऊ.”

सरांना शिक्का परत डबीत घालता येईना. शेवटी मीच घालून दिला. अर्ज फाडून टोपलीत टाकला. शिओमीने दोन पॉइंट नऊचं पाकीट पर्समध्ये ठेवलं.

“पाठवते तर खरी,” ती म्हणाली. “बघू काय होतंय.” काय होणार ते तिघांनाही ठाऊक होतं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता.

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. बाहेरच्या उतारावर दिवसा वितळलेलं बर्फ पुन्हा गोठलं होतं. सर पायरीवर थांबले. काठीने पुढे ठोकून बघितलं, मग मागे वळून म्हणाले, “शिओमी, इथे पाय ठेवला तर?”

ती पुढे झाली. वाकून बघितलं, बुटाने दाबून बघितलं.

“तिथे नको, सर. जरा डावीकडे. इथे घट्ट आहे.”

सरांनी काठी काखेत धरली, आणि ती म्हणाली तिथे पाय ठेवला.