ताटावरची वलंदेज बाई

आमच्या अरिता गावात वलंदेजांच्या, म्हणजे डच व्यापाऱ्यांच्या, बायका कुणीच पाहिल्या नव्हत्या. नागासाकीच्या बंदरात त्यांना उतरूच देत नाहीत. तरी त्यांची चित्रं चिनीमातीच्या ताटांवर काढायची आम्हीच! दलाल मागोझो नमुन्याचं चित्र आणून द्यायचा. त्यावरून बाबा भाजलेल्या पांढऱ्या ताटावर रंगकाम करायचे, आणि ताट पुन्हा भट्टीत जायचं. तांबडा रंग खलायचं काम माझं.

या वेळचा नमुना वाटेत भिजला होता. बाईचा घोळदार झगा, हातातला पंखा सगळं शाबूत, तोंड मात्र पुसलेलं. आई नुकतीच तापाने गेली होती. बाबा पाठमोरे बसून रंगवत राहिले, ताट कुणाला दाखवेनात.

मागोझोने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "यासुकेदादा, अहो भुवया कुठायत हिच्या? आणि दात काळे!"

"लग्न झालेली बाई ना?" बाबा म्हणाले. "मग दात काळे नकोत? भुवया भादरायला नकोत?"

"अहो, त्यांच्यात नसतं तसलं काही! म्हाताऱ्या झाल्या तरी पांढऱ्या दातांनी हसतात त्या. ताट घेणारा वलंदेज साहेब ते माझ्या डोक्यात घालेल. पुसा तो चेहरा, भट्टी लागायच्या आत."

मी वाकून पाहिलं आणि हात थांबला. त्या झग्यात आई बसली होती. डावीकडे जरा कललेलं हसू तिचंच. तिचं दुसरं चित्र आमच्याकडे नव्हतं; रंगाऱ्याच्या बायकोचं चित्र कोण काढतं? खलबत्ता मागोझोच्या टकलावर आपटावा, असा राग आला मला.

तो गेल्यावर बाबांनी ओलं फडकं माझ्यापुढे ठेवलं. "किनु, तू पूस. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

रंग कच्चा होता. एक हात फिरवला असता तर आई दुसऱ्यांदा गेली असती. मी काडीला कापूस गुंडाळून फक्त दातांवरचा काळा टिपला, आणि बारीक कुंचल्याने दोन भुवया ओढल्या. मागोझोचं तोंड बंद होईल आणि आईही राहील, असं मला वाटलं.

पण ताटातून वेगळीच कुणी पोरगी हसत होती. मी घाबरले. "बाबा, बिघडलं हो. ही आई नाही."

बाबांनी ताट दाराशी उजेडात धरलं. मग ते लहान मुलासारखे रडले.

"तू कुठून ओळखणार?" ते म्हणाले. "या दारात पहिल्यांदा उभी राहिली ना, तेव्हा अशीच होती."

आईला तशी मी तेवढीच पाहिली. पुढच्या जहाजाने ती गेली.