घंटेच्या गळ्यातला बत्ता

रंगाऱ्यांनी घंटा खाली उतरवली आणि तिचा लोलक निघून यमुनाबाईंच्या मांडीवर आला. हडपसर गावठाणातल्या या लहानशा ख्रिस्तमंदिरात बेचाळीस वर्षं घंटा वाजवली त्यांनी; पण लोलक असा, तान्ह्या लेकरासारखा, मांडीवर कधी घेतला नव्हता. खाली पितळेचा जड गोळा, वर गळ्याशी सुतळीचे वेढेच वेढे.

समोरच्या बाकावर देवळातलीच एक तरुण मुलगी, नम्रता, लॅपटॉप घेऊन बसली होती. देवळाला सव्वाशे वर्षं होत होती. स्मरणिकेसाठी घंटेचा इतिहास ती लिहीत होती आणि मजकूर आज संध्याकाळी छापखान्यात जायचा होता.

"'घंटा मिशनरी साहेबांनी परदेशातून आणली,'" तिनं वाचलं. "आजी, दप्तरात एवढंच आहे."

"आणली, खरं हाय. पण मुकी आणली. लोलक वाटंत कुठं पडला, कुणास ठावं. सा महिने नुसती टांगलेली. मग माझ्या आजेसासूनं, सगुणानं, खलातला बत्ता काढून दिला." आणि यमुनाबाईंनी हळूच सूर लावला:

घंटा आली गाडीतून, मुकी गं बाई देवळात
माझ्या सगुणाचा बत्ता, जीभ झाला तिच्या गळ्यात

मंडळीचे सचिव वैजनाथ सर दारात उभे राहून रंगाचे डबे मोजत होते. त्यांनी मान वळवली. "यमुनाबाई, ओवी गोड आहे. पण स्मरणिका छापायची आहे आपल्याला, जात्यावर दळायची नाही. लेखी काही असलं तर बोला. नाहीतर मीही रचतो एक, आमच्या आजोबांनी घंटा डोक्यावर घेऊन समुद्र पोहून आणली म्हणून."

रंगारी हसले. यमुनाबाई हसल्या नाहीत. बेचाळीस वर्षं दोर ओढताना त्यांना दर टोल्यात सगुणा ऐकू यायची. ती कागदावर आली नाही, तर आपल्यामागं तिला कोण ऐकणार?

नम्रता लोलकाकडे पाहत होती. "आजी, बायका भांड्यावर नाव घालून घेतात ना? मग बत्त्यावरही असेल की!"

यमुनाबाईंचा हात सुतळीवर थांबला. दर ईस्टरच्या आदल्या दिवशी जुन्या सुतळीवर नवी गुंडाळायची, जुनी कधी काढायची नाही, अशी रीत होती. सासूनं केलं, त्यांनी केलं. आत काय आहे, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

"आणि नसलं तर?" त्या पुटपुटल्या.

"तर मी लिहिणार नाही," नम्रता म्हणाली. मग तिलाच कसंसं झालं. "राहू दे का, आजी?"

यमुनाबाईंनी बोटांनी सुतळीची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "विळी आण."

एकेक वेढा सुटू लागला. आधी पिवळी सुतळी, मग तेलानं काळी पडलेली, मग ताग, आणि सगळ्यात आत लुगड्याच्या काठाची चिंधी. ती हाताला लागताच भुगा झाली. यमुनाबाईंनी पदरानं पितळ पुसलं. ठोक्याठोक्यांची अक्षरं वर आली.

त्यांना चष्म्याशिवाय दिसेना. नम्रतानं वाचलं आणि ती थबकली.

"काय गं? वाच की."

"मुक्ताई... असं लिहिलंय, आजी. नुसतं मुक्ताई."

वैजनाथ सर डबे सोडून जवळ आले. या खेपेला त्यांच्या तोंडून टोमणा आला नाही. "जुनं नोंदपुस्तक पाठ आहे मला. मुक्ताई नावाची बाई आपल्या मंडळीत कधीच नव्हती," एवढंच म्हणाले.

"मग गावातली असंल कुणी. शेजारीण असंल." यमुनाबाईंचा आवाज कोरडा झाला होता. अंगठा अक्षरांवरून फिरत राहिला, पुन्हा पुन्हा.

"आजी, सगुणानं तिच्याकडून मागून आणला असेल. मी दोन्ही नावं लिहिते ना. कोण विचारणार आहे?"

"घंटा इचारंल," यमुनाबाई म्हणाल्या. "रोज माझ्याच हातानं वाजती ती. जे कोरलंय ते लिही."

नम्रतानं फक्त मुक्ताईचं नाव लिहिलं. वैजनाथ सरांनी उभ्या उभ्या वाचून पाहिलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि म्हणाले, "जाऊ द्या छापायला."

रविवारी घंटा पुन्हा चौकटीवर चढली. लोलकाच्या गळ्याला या वेळी सुतळी नव्हती. अक्षरं उघडीच होती. यमुनाबाईंनी दोर हातात घेतला. नम्रता शेजारी उभी होती. दोर ओढण्याआधी म्हातारी स्वतःशीच गुणगुणली, तेव्हा नम्रताला वाटलं, आता 'कुण्या मुक्ताईचा' म्हणेल.

माझ्या मुक्ताईचा बत्ता, जीभ झाला तिच्या गळ्यात

आणि त्यांनी दोर ओढला.