शब्द टाकला की नाव बाद

पहाटे माळ ओढताना मी रोज एका व्रताची मनात उजळणी करते: खोटं बोलायचं नाही. खरं कुणाच्या कानात आणि कधी घालायचं, याबद्दल मात्र व्रतात काही सांगितलेलं नाही.

चीनमधल्या वूशी शहरातल्या आमच्या पंप कारखान्यात क्रूगर नावाचे जर्मन साहेब आले आणि आल्या आल्या म्हणाले, "इथे ओळख चालणार नाही, गुण चालतील. ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकेल, त्याचं नाव बाद." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या ओळखी शोधायला गेले.

विक्री विभागात एक जागा निघाली. माझी भाची रुओलान त्या जागेसाठी जिवाचं रान करत होती. नाही मिळाली तर बाप तिला दूर उत्तरेला हार्बिनला काकाच्या टायरच्या दुकानात बसवणार होता.

"मावशी, तू साहेबांची चिटणीस. टाक ना एक शब्द!"

"टाकला तर बाद होशील, बाळ."

"मग काय, नुसता जप करणार?"

जप केलाच. पण शेवटी दोघंच उरली: रुओलान, आणि खरेदी विभागाचे थान यांचा भाचा फान. तेव्हा चहा ठेवता ठेवता मी साहेबांना हळूच म्हटलं, "तो फान गुणी मुलगा हो. त्याची आई आणि मी एकाच देवळात जातो."

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी फानच्या नावावर काट मारली.

थान काही दूधखुळे नव्हते. दुसऱ्या दिवशी पीचची पेटी घेऊन ते साहेबांकडे गेले. "शेनताईंची भाची म्हणजे हिरा आहे, साहेब! घ्याच तिला. ही फळं तिच्याच नावानं समजा."

तीही बाद. बाहेर येऊन थान माझ्यापुढे वाकले. "ताई, तुमचे उपकार फेडले हो."

"बुद्ध तुमचं भलं करो," मी म्हटलं. मनापासून म्हटलं का, ते विचारू नका.

रुओलान रडायला लागली. "संपलं! आता टायर रचते."

"डोळे पूस आणि शांघायची गाडी धर. वेबर साहेबांच्या कचेरीत मिळेल ते काम घे. पण मान मोडून कर."

"कोण हे वेबर?"

"आमचे साहेब अडले की ज्यांना फोन करतात ते. फोन मीच जोडून देते ना!"

इकडे जागा रिकामी, मागण्या तुंबलेल्या. महिन्याभरात साहेब टेकीला आले. "ताई, वेबरला फोन लावा."

दोघं एकाच कॉलेजातले, एकाच होडीत वल्ही मारलेले. पलीकडचा आवाज दाराबाहेरही ऐकू येत होता. "एक हंगामी पोरगी आहे, तिघांचं काम एकटी उपसते. सोडवत नाही रे, पण तुझ्यासाठी देतो."

सोमवारी रुओलान दारात उभी. साहेबांच्या कपाळाला आठ्या. "हिला मी बाद केलं होतं ना?"

"हो साहेब. थान बोलले म्हणून."

"मग आता?"

"आता वेबर साहेब बोललेत."

साहेबांनी घसा खाकरला. "ते वेगळं. वेबरला मी वर्षानुवर्षं ओळखतो. त्याला माणसांची पारख आहे."

"आम्हीपण अगदी हेच म्हणतो, साहेब."

त्यांनी रुओलानला बसायला खुर्ची दिली.

मी बाहेर आले तर थान भिंतीला कान लावून उभे. "शेनताई," ते कुजबुजले, "हे वेबर साहेब वूशीला कधी येतात हो? जेवायला बोलवीन म्हणतो."