तेरा दिवसांचं बनियन

लुकितोच्या आईला एवढंच ठाऊक होतं की आज मुलगी मागायला जायचंय, तेव्हा पोरगं घमघमलं पाहिजे. तिने त्याला साबण देऊन न्हाणीत पिटाळलं, कडक इस्त्रीचा बाटिकचा शर्ट दाराआडून आत दिला आणि तो घालून बाहेर आल्यावर वरून अर्धी बाटली अत्तर ओतलं. त्या शर्टाखाली तेरा दिवस न धुतलेलं बनियन आहे, आणि बनियनवर लोंबणाऱ्या बटव्यात एक जिवंत प्राणी झोपलाय, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. सगळंच आयांना सांगायचं नसतं.

प्राणी निंग्रुमचा, म्हणजे जिला मागणी घालायची त्या मुलीचा. नाव क्लेपोन, कारण तोही त्या नावाच्या जावानीज मिठाईसारखाच मुठीत मावणारा; शिवाय गोडघाशा. जातीने शुगर ग्लायडर. खारीहून लहान, डोळे हे एवढे, आणि पुढच्या पंजापासून मागच्या पायापर्यंत कातड्याची झूल. ती पसरली की स्वारी खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला तरंगत जाते.

निंग्रुमचं आधी एक ठिकाण जवळपास ठरलं होतं. तो नवरदेव म्हणाला, "एक तर मी, नाहीतर तो उंदीर." निंग्रुमने उंदीर निवडला. जावातल्या क्लातेन गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. म्हणून लुकितोने लग्नाचं विचारल्यावर तिने सरळ बटवा त्याच्या गळ्यात अडकवला.

"चौदा दिवस. दिवसा हा तुझ्या छातीशी झोपणार. अंगातलं बनियन बदलायचं नाही, वासावरूनच तो माणूस ओळखतो. हा आपण होऊन तुझ्याकडे आला तर मी हो म्हणेन."

"आणि नाही आला तर?"

"तर गाडी सर्व्हिसिंगला तुझ्याकडेच टाकत जाईन. तेवढं नातं राहील."

पहिले चार दिवस क्लेपोनने त्याला नुसतं फाडून खाल्लं. बोट आत घातलं की किक न लागणाऱ्या स्कूटरसारखं कर्र-कर्र करायचा, मग चावायचा, मग मुतायचा. लुकितो गॅरेजमध्ये बटवा घेऊनच इंजिनं उघडायचा, आणि गिऱ्हाइकं विचारायची, "पोट दुखतंय का रे?" सहाव्या दिवशी क्लेपोनने त्याच्या बोटावरचा मध चाटला. नवव्या दिवशी छातीवर दोनदा थापटलं की डोकं बाहेर काढायला लागला. बनियनला तोवर घाम, ऑइल आणि क्लेपोन यांचा असा काही वास चढला होता की शेजारचा पंक्चरवाला आपलं स्टूल रस्त्यापलीकडे घेऊन गेला. लुकितो मात्र हवेत होता. सगळं जमत आलं होतं, आणि तेवढ्यात वडीलधाऱ्यांनी दोघांचे जन्मवार जुळवून मागणीचा मुहूर्त काढला तो नेमका तेराव्या दिवशी!

तर दिवेलागणीला निंग्रुमच्या घरी वीस माणसं चटईवर बसली. मध्ये ताटं मांडलेली: चिकट भाताच्या वड्या, बांगड्या, कापड आणि रीतीप्रमाणे पिवळ्याधमक केळ्यांच्या दोन फण्या. लुकितोचे थोरले काका, पाकदे हार्दी, उठून उभे राहिले. घरंदाज जावानीज भाषेत ते अशी काही लांबण लावत की ऐकणाऱ्याला भूक लागून ती मरूनही जायची.

"आमच्या बागेतला हा भुंगा," पाकदे म्हणाले, "आपल्या अंगणातल्या फुलाचा सुगंध—"

कर्र-कर्र-कर्र.

पाकदे थांबले. सगळ्यांनी लुकितोच्या पोटाकडे पाहिलं.

"भुंगा भुकेला दिसतोय," निंग्रुमचे वडील सुमार्नो कोरडेपणाने म्हणाले.

क्लेपोनला जाग आली होती, आणि जाग येताच अत्तराचा भपकारा. हा कोण परका माणूस! तो कॉलरमधून बाहेर आला, केळी दिसली, पण केळ्यांभोवती वीस अनोळखी माणसं. त्याने लुकितोच्या डोक्यावरून छताच्या दिशेने झेप घेतली.

"पंखा!" निंग्रुम किंचाळली.

सुमार्नोंनी बटण दाबलं नाही, वायरच उपटली. पात्यांच्या वाऱ्याने क्लेपोन कोलमडला आणि कसाबसा कपाटावर जाऊन पडला. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर शेजारणीची मांजर येऊन बसली होती.

"कुणी हलू नका," निंग्रुम म्हणाली. ती मधाचं बोट वर करून हाका मारू लागली. क्लेपोन येईना, नुसता थरथरत राहिला. लुकितो पुढे झाला, तसा तो जास्तच ओरडला आणि दाराच्या बाजूला सरकला.

"मागे हो! तुला ओळखत नाहीये तो," निंग्रुम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. क्लेपोन गेला तर लग्न गेलं, हे तर होतंच. पण त्या क्षणी लुकितोला लग्न आठवलंही नाही. तो एवढासा जीव आपल्याला भ्यायला, हेच त्याला सोसेना.

आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने होणाऱ्या सासऱ्यासमोर शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.

"लुकितो!" आई ओरडली. "लाज सोडलीस का रे?"

शर्ट गेला. बनियन प्रकट झालं. मूळचा रंग कोणता हे सांगणारा माणूस त्या खोलीत नव्हता. पहिल्या रांगेतल्या दोन आत्यांनी ओढण्या नाकाला लावल्या, पाकदेंनी श्वास रोखला आणि खुद्द मांजर उठून निघून गेली.

लुकितो कपाटाखाली उभा राहिला आणि छातीवर दोनदा थापटलं.

वर नाक हललं. एकदा, दोनदा. मग क्लेपोनने झूल पसरली, वीस डोकी एकदम खाली वाकली आणि तो थाडकन येऊन बनियनला चिकटला. नखांनी चढत चढत बटव्यात शिरला आणि आतून हुश्श केल्यासारखा एकदा शिंकला.

खोलीत हसण्याचा असा स्फोट झाला की केळी ताटातून घरंगळली.

"सात महिने अळ्या भरवल्या मी," निंग्रुम डोळे पुसत, हसत म्हणाली, "आणि गेला कुणाकडे? घाणेरडा कुठला!"

"अत्तर लावून येणारे पुष्कळ पाहिले," सुमार्नो म्हणाले. "वास घेऊन आलेला हा पहिलाच. पाकदे, तुमचं भाषण पुरे. आता पोरीला विचारू."

सगळे निंग्रुमकडे वळले. पण लुकितोच्या आईला धीर कुठला! शरमेने लाल होऊन ती पुढे सरसावली.

"आधी ते बनियन काढ मेल्या! आत्ताच्या आत्ता धुते."

निंग्रुमने तिचा हात धरला. आजवर ती लुकितोच्या आईला मावशी म्हणत आली होती.

"नका धुऊ, आई," ती म्हणाली. "अजून एक दिवस बाकी आहे."