चार दिवसांची पाठदुखी

"हे बघ ताई, माझं नाव कुठंही येता कामा नये," भाऊ फोनवर म्हणाला, आणि ताईच्या हातून वरच्या जबड्याचा डावा सुळा मेणात तिरका बसला.

फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता. समोर प्लास्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेणाची कमान आणि त्या कमानीत एकेक करून रोवायचे चौदा दात. कवळ्यांच्या कारखान्यात डिसेंबर म्हणजे नुसती लगीनघाई. अकरा महिने बोळक्या तोंडाने काढलेल्या माणसांनाही नाताळच्या आत दात हवे असतात. नातेवाईक जमायचे म्हटल्यावर दात हसायला लागतात, आणि ते निघून गेल्यावर खायलाही लागतात.

"अरे, पण कारण काय सांगू?"

"ते तू बघ. तुला सुचतं. यंदा बोनस नाही, थोरल्याची फी तोंडावर आलीय. चौघांचं नुसतं जाण्यायेण्याचं भाडंच बघ. पण हिला कळू देऊ नकोस. हिला फार हौस गं, वर्षातनं एकदा सगळे भेटावेत म्हणून."

"आणि आई?"

"आईला मी नेतो चार दिवस. आजवर नेलं नाही, यंदा नेतो, शब्द देतो. तू फक्त हे टाळ."

चार दिवस. ताईने सुळा उपटला, मेण गरम केलं आणि तो पुन्हा सरळ बसवला.

आठवड्यातला हा तिसरा फोन होता. सोमवारी वहिनी बोलली होती. "ताई, तुम्हीच काहीतरी सांगून मोडता घाला यंदा. पण ह्यांना बोलू नका हं, ह्यांचा जीव असतो त्यात." बुधवारी धाकटी बहीण. नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झालेला, जुळ्यांचे बूट दोघांचेही एकाच दिवशी फाटलेले. "जुळ्यांचं हेच वाईट ताई, खर्चालासुद्धा जुळं होतं. पण माझं नाव नको. आईला काय वाटेल?"

ताईने मनाशी बेरीज केली. नाताळला तिच्या दोन खोल्यांत माणसं जमतात दहा. त्यांत चार मुलं, त्यांना कुणी विचारत नाही. उरले सहा. त्यांतल्या तिघांनी गुपचूप नको म्हटलं. धाकटीचा नवरा कशाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, तेव्हा तो जमेला नाही आणि खर्चालाही नाही. राहिल्या आई आणि ती स्वतः. म्हणजे ज्या जेवणासाठी तेरा वर्षं ती ऑक्टोबरपासून पै पै बाजूला काढत आली, ते आता एकट्या आईसाठी उरलं होतं.

"झालं?" पलीकडच्या चाकावरून पॉलिशवालीने विचारलं. ती दिवसभर कवळ्या घासून चकचकीत करायची, आणि चाकाच्या घरघरीतही तिला पलीकडचं सगळं ऐकू यायचं. "सगळ्यांनी तुझ्याच डोक्यावर फोडायचं ठरवलेलं दिसतंय."

"मोठी आहे ना मी."

"मोठी आहेस म्हणून तर म्हणते. माझ्या बहिणीची खोली रिकामीच आहे. चोवीस ते सत्तावीस. खिडकीतून समुद्र दिसतो. भाडं नको, काही नको, फक्त जाताना केर काढून जायचं. शनिवारपर्यंत सांग, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला देईल."

ताईने समुद्र पाहिला नव्हता असं नाही. शाळेच्या सहलीत एकदा पाहिला होता. पण तेव्हा आठ जणींची पाण्याची बाटली सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे लक्ष बाटलीकडेच जास्त. आता ती बावन्न वर्षांची होती, आणि बसच्या भाड्याचे पैसे तिने तीन महिन्यांपूर्वीच वेगळे काढून ठेवले होते. कशासाठी ते स्वतःलाही न सांगता.

घरी आई जुन्या खोक्यातले रंगीत कागद मांडीवर घेऊन बसली होती. गेल्या वर्षीच्या भेटींचे कागद. ती ते इस्त्रीने सपाट करून पुन्हा वापरायला ठेवायची.

"यंदा काय करायचं ठरवलंस?" आईने विचारलं.

"तू सांग. कोंबड्या दोन की तीन?"

"मला काय विचारतेस? तुझं सगळं छानच असतं."

यातून ताईने दर वर्षीसारखा अर्थ काढला, की आईला तीन हव्यात.

हा नाताळ वडील गेले त्या वर्षापासून सुरू झालेला. तेव्हा आई चार महिने कुणाशी बोलत नव्हती, म्हणून ताईने सगळ्यांना बोलावून घेतलं. मग ते पडलंच गळ्यात. नियमही तिनेच केले. मोठ्यांनी चिठ्ठ्या काढायच्या, चिठ्ठीत येईल त्या एकालाच भेट द्यायची आणि पाचशेच्या वर जायचं नाही. नियम सगळ्यांना पसंत पडला आणि तो सगळ्यांनी आपापल्या परीने मोडला. धाकटी किमतीची पट्टी काढायला विसरायची, पण किंमत पाचशेच्या वर असेल तेव्हाच. भाऊ कंपनीतून फुकट मिळालेल्या वस्तू आणायचा, खरवडलेल्या नावाच्या जागी गुळगुळीत डाग असलेल्या. वहिनीची भेट नेहमी सुरेख असायची आणि मापाने एक नंबर लहान. लहानांच्या चार भेटी सगळ्यांनी मिळून घ्यायच्या असत. हे 'सगळ्यांनी' नावाचं माणूस अजून एकदाही दुकानात आलं नव्हतं, ताईच जायची.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने घरच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. 'यंदा मी चार दिवस बाहेरगावी जात आहे.' वाचलं आणि पुसलं.

"पुसलंस कशाला?" पॉलिशवाली खांद्यावरून बघत होती.

"लोक विचारतील, कुठं?"

"मग सांग, समुद्रावर."

"कशाला, विचारतील."

"बघायला."

"बावन्नाव्या वर्षी? एकटी? आईला टाकून? डोक्यावर परिणाम झाला म्हणतील."

"म्हणू देत की. चार दिवस म्हणतील आणि गप्प बसतील."

पण ताईला आपल्या घरची माणसं ठाऊक होती. त्या घरात बाईला दोनच कारणांसाठी सुट्टी मिळत असे, बाळंतपण आणि आजारपण. पहिल्याची वेळ टळून गेली होती. तिने लिहिलं : 'पाठ धरली आहे. डॉक्टरांनी चार दिवस सक्त झोपून राहायला सांगितलं आहे. यंदा नाताळ जमणार नाही. आईला भाऊने न्यावं. राग मानू नये.'

'राग मानू नये' लिहिताना तिला स्वतःचीच थोडी दया आली. मग तिने बटण दाबलं आणि डब्यातला शेवटचा घास चवीने खाल्ला.

घास उतरायच्या आत उत्तरं आली. 'ताई!!! आम्ही येतो,' धाकटीने लिहिलं. वहिनीने लिहिलं, 'काहीही काय ताई, स्वयंपाक मी करते, तुम्ही फक्त पडून राहा.' धाकटीच्या नवऱ्याने, ज्याने तेरा वर्षांत ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, हात जोडल्याचं चित्र टाकलं.

भाऊचा मात्र फोन आला, दबक्या आवाजात. "पाठीचं कशाला सांगितलंस गं? दुसरं काही सुचलं नाही? आता बहीण अंथरुणात आणि मी आलो नाही, तर चार माणसांत तोंड दाखवीन का मी?"

"अरे, मग तू आईला घेऊन जा ना. ठरलंय आपलं."

"तुला अशा अवस्थेत एकटं टाकून? आई तरी येईल का? ही तर म्हणते आदल्या दिवशीच जाऊ. भाडं भरतो कुठूनतरी. बरं, दुखतंय का फार?"

इथे एक दार उघडं होतं. 'दुखत नाही रे' एवढे तीन शब्द, की मोकळी. ताईने तोंड उघडलंही.

"बसताना कळ येते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. पाठ बरी झाली म्हणावं, तर दहा माणसांचा स्वयंपाक. बरी नाही म्हणावं, तर चार दिवस अंथरूण. समुद्र दोन्हीकडे शून्य.

"निदान पडून तरी राहशील," पॉलिशवाली म्हणाली. पण हसली नाही. शनिवारी तिच्या बहिणीने खोली एका नव्या जोडप्याला दिली. रविवारी ताईने बाजूला काढलेले पैसे घेतले आणि चार मुलांसाठी चार रंगपेट्या, चिठ्ठीत आलेल्या वहिनीसाठी लोकरीचे मोजे आणि तीन कोंबड्या घेऊन आली. पिशव्या जड होत्या. कोपऱ्यावरून जाताना तिला आठवलं की आपली पाठ धरली आहे, आणि कुणी ओळखीचं भेटेल म्हणून ती उगाच थोडी वाकून चालली.

नाताळच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ताई आतल्या खोलीत उताणी पडली होती. बाहेर नऊ माणसं होती. स्वतःच्या घरात इतका वेळ ती कधी आडवी नव्हती. छताला डावीकडे ओल आली आहे हे तिला आजच कळलं.

भेटींचा कार्यक्रम तिच्या अंथरुणाभोवतीच झाला. यंदा पाठीमुळे सगळ्यांचं मन भरून आलं होतं, म्हणून चिठ्ठ्या सोडून प्रत्येक घराने ताईला वेगळं काही आणलं होतं. भाऊने शेकायची रबरी पिशवी. धाकटीनेही शेकायची रबरी पिशवी, किमतीच्या पट्टीसकट. वहिनीने कंबरेला बांधायचा पट्टा, एक नंबर लहान.

"बांधून तर बघा," वहिनी म्हणाली.

भाऊ आणि धाकटीच्या नवऱ्याने दोन्हीकडून ओढून पट्टा बांधला. ताईचा श्वास अर्ध्यावर थांबला.

"बरं वाटतंय ना?" धाकटीने विचारलं. तिचे डोळे खरंच ओले होते, आणि ताईला त्यामुळेच काही बोलता येईना. ही माणसं वाईट असती तर सोपं झालं असतं.

"वाटतंय," ती उरलेल्या श्वासात म्हणाली.

सगळे बाहेर गेले. आणि मग दर पाच मिनिटांनी दार उघडू लागलं.

"ताई, चांगली सुरी कुठंय?"

"खणात. मागे. फडक्यात गुंडाळलेली."

"ताई, मोठं पातेलं?"

"पलंगाखाली. वाक, मिळेल."

"ताई, गॅस असाच बारीक होतो का तुमचा?"

"बटण थोडं बाहेर ओढून फिरव."

"आत्या, टॉयलेटचा दिवा लागत नाही."

"लागतो. दोनदा दाब."

झोपल्या झोपल्या तिने सबंध स्वयंपाक केला. बाहेर भाऊ मोठ्या आवाजात म्हणत होता, "काही म्हणा, ताईकडं आल्याशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. पुढच्या वर्षी आपण दोन दिवस आधीच येऊ, तिला त्रास नको." वहिनी म्हणाली, "मी तर केव्हाची म्हणतेय." धाकटीनेही हो म्हटलं. तिघांच्याही आवाजात आनंद होता, आणि तो आता खोटाही राहिला नव्हता.

आई आत आली ती वाडग्यात सूप घेऊन. खुर्ची ओढून बसली आणि ताईकडे पाहत राहिली.

"पाठ दुखत नाहीये तुझी."

ताईने छताकडे पाहिलं. "कशावरून?"

"काल रात्री सिलेंडर बदललास ना."

बाहेर जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्याची रंगपेटी पाडली. वहिनी ओरडली.

"कुठं जायचं होतं?"

"समुद्रावर. चार दिवस."

"एकटीला?"

"हं."

आईने सूप ढवळलं. साय बाजूला केली, पुन्हा ढवळलं. "मग मला सांगायचंस."

"कसं सांगू? हे सगळे जमतात तेव्हा तू किती खूश असतेस. वर्षातला तुझा तेवढा एक दिवस."

"माझा?" आईने चमचा वाडग्यात ठेवला. "अगं, माझं डोकं उठतं ह्या गोंगाटानं. पहिल्या वर्षापासून. मी बसते ती तुझ्यासाठी. म्हटलं, पोरीला ना नवरा ना मूल, एवढीच एक हौस आहे, करू दे तिला."

पट्टा आवळत होता. तेरा वर्षं, दर वर्षी तीन कोंबड्या. तिने हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच करत होती.

"सोड तो पट्टा," आई म्हणाली.

"आवाज होईल त्याचा. चिकटपट्टी आहे."

"होऊ दे."

आईने एका झटक्यात पट्टा ओढला. मोठ्याने टर्र झालं. ताईच्या छातीत सबंध श्वास शिरला. बाहेर कुणाचं लक्ष गेलं नाही. तिथे कोंबडीची तंगडी कुणाला, यावरून वाद चालला होता.

"ताई, मीठ कुठं ठेवलंय?" वहिनीची हाक आली. पावलं दाराकडे येऊ लागली.

आई गुडघ्यावर हात रोवून उठली. हळूहळू दाराशी गेली आणि तिने आतून कडी लावली. मग परत येऊन पलंगाच्या कडेवर बसली, पाय वर घेतले आणि ताईला थोडं सरकायला लावून तिच्या शेजारी आडवी झाली. पलंग एकीचा होता. दोघी खांद्याला खांदा लावून छताकडे बघत राहिल्या.

दार हललं. पुन्हा हललं.

"अगं, आतून कडी कुणी लावली?" बाहेर वहिनी म्हणाली. "ताई? आई?"

दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.