सुरतची लाईन

"सुरत मिळालं, बोला," असं म्हणून ऑपरेटर सुनंदाबाईंनी ऐकण्याची चावी मिटायला हात नेला, तेवढ्यात पलीकडचा आवाज विहिरीत पडल्यासारखा बुडाला. धुळ्याच्या पुढे ती लाईन नेहमीच असा दगा द्यायची. बोलणं धड लागेपर्यंत ऑपरेटरला ते कानात घेऊनच बसावं लागे. सुनंदाबाईंनी चावी उघडी ठेवली, प्लग काढून पुन्हा बसवला, आणि आवाज वर आला.

"हां सेठ, अब सुनाई देता है." हा रुपचंद, दोंडाईच्यातला मिरचीचा दलाल. "बाई का माल तैयार है. आज शाम को ट्रक निकलेगा."

"और बिल्टी?"

"मैं खुद ले के आता हूं. बैंक में नहीं डालने दिया."

"बस, वही चाहिए. माल उतरते ही आगे निकाल देंगे. होली के बाद तो इस दुकान का शटर खुलनेवाला नहीं, रुपचंदभाई. तुम्हारा हिस्सा उसी दिन ले जाना."

"और बाई पूछेगी तो?"

"बोलना, ड्राफ्ट डाक में है."

दोघंही हसले. सुनंदाबाईंनी चावी मिटली.

दोंडाईच्याचं टेलिफोन एक्स्चेंज तेव्हा सगळं हातानंच चालायचं. गल्लीतून गल्लीत बोलायचं असलं तरी आधी सुनंदाबाईंचा "नंबर?" ऐकावा लागे. गावातल्या अडत्यांना, डॉक्टरांना, जिनिंगवाल्यांना तो आवाज पाठ होता. चेहरा मात्र फार थोड्यांना माहीत होता. एक्स्चेंजमधून घर आणि घरून एक्स्चेंज, एवढंच त्यांचं जाणंयेणं. नवरा सुकदेव कापसाच्या ज्या जिनमध्ये कामाला होता ती बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि घर त्यांच्या पगारावर उभं होतं.

नोकरीला लागताना शपथ घेतलेली. तारेवर ऐकलं ते तारेवरच मेलं पाहिजे. शेजारच्या तालुक्यातल्या एका ऑपरेटरनं कापसाचा भाव आपल्या मेहुण्याला सांगितला, तर तो घरी बसला होता. सुनंदाबाईंनी इतक्या वर्षांत कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा धंदा बसला, काय काय ऐकलं असेल. पण सुकदेवला म्हणून एक शब्द कधी सांगितला नाही.

पण रुपचंद ज्या बाईबद्दल बोलत होता ती इंदिराबाई होती.

नवऱ्यानं नंदुरबारला दुसरा संसार मांडल्यावर इंदिराबाईनं घरातच मिरची कांडायचं यंत्र बसवलं. एकाची दोन यंत्रं झाली, मग गावाबाहेर मिरच्या वाळवायची पथारी तिनं भाड्यानं घेतली. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि फोन आला त्या दिवशी पहिला कॉल बहिणीला लावून ती नुसती हसत राहिली होती. दर कॉलच्या आधी ती विचारायची, "ताई, जेवण जायं का?" एवढ्या मोठ्या गावात सुनंदाबाईंना जेवलात का विचारणारं माणूस एकच, आणि तेही कधी न पाहिलेलं. यंदा तिनं पतसंस्थेत घर गहाण टाकून मिरची भरली होती. महाराष्ट्राबाहेर जाणारा तिचा हा पहिला ट्रक, आणि सौदा रुपचंदनंच जमवलेला.

माल ट्रकवर चढला की ट्रान्सपोर्टवाला पावती देतो, ती बिल्टी. बिल्टी ज्याच्या हातात, त्याचा माल. म्हणून जाणता व्यापारी ती बँकेतून पाठवायचा. समोरच्यानं आपल्या गावच्या बँकेत पैसे भरले तरच बँक बिल्टी हातात देणार. वेळ जायचा, पण पैसा बुडत नसे. ही बिल्टी रुपचंदच्या खिशातून गेली, तर इंदिराबाईकडे मिरचीचा वास तेवढा उरणार होता.

बोर्डावर कोणी फोन उचलल्याची खूण देणाऱ्या झडपा एकामागून एक पडत होत्या. सुनंदाबाईंनी चुकून डॉक्टरांना किराणावाल्याशी जोडून दिलं. किराणावाला म्हणाला, "पोटात दुखत नाही हो माझ्या, साखर किती पाठवू?" एरवी त्या हसल्या असत्या. त्या पाणी प्यायल्या. उठून खिडकीशी गेल्या, परत येऊन बसल्या. पुन्हा उठल्या.

इंदिराबाईनं सुरत मागितलं तर 'लाईन नाही' म्हणता येईल. पण त्यानं ट्रक थोडाच थांबणार? तिला फोन करून सांगावं, तर शेजारच्या खुर्चीवर दुपारपाळीची तानुबाई येऊन बसली होती, आणि तिचे कान काही बंद नव्हते. चिठ्ठी पाठवावी, तर हाताचं अक्षर पुरावा म्हणून कायमचं राहणार.

पाळी संपली. सुनंदाबाई पायऱ्या उतरल्या आणि घराच्या दिशेला वळल्या. चौकापर्यंत गेल्या, थांबल्या. सुकदेव जेवायला थांबला असेल. दोन पावलं पुढे गेल्या, परत थांबल्या. मग पदर खोचून शहाद्याच्या रस्त्यानं निघाल्या. चालत नव्हत्या, जवळजवळ पळतच होत्या.

पथारी दिसायच्या आधी नाकाला कळली. रस्त्याच्या कडेनं लांबच्या लांब लाल जमीन, त्यात तोंडाला फडकी बांधून वाकलेल्या बाया, आणि मधोमध अर्धा भरलेला ट्रक. सुनंदाबाईंचे डोळे वाहायला लागले. इतक्या बायांत इंदिराबाई कोण, हे कसं ओळखायचं?

"अरे, पोतं आपटू नका! शिवन उसवी जाई!"

आवाज तोच. बाई मात्र त्यांनी मनात धरलेल्या बाईपेक्षा कितीतरी बारीक होती, हात कोपरापर्यंत लाल.

"इंदिराबाई, जरा बाजूला या."

इंदिराबाई वळली. क्षणभर नुसती बघत राहिली आणि तिचा सगळा चेहरा फुलला. "ट्रंककॉलवाली ताई! आवाजवरथीन वळखी लिधं मी! बठा, बठा. चहा टाकस."

"चहा नको. ऐका. बिल्टी बँकेतूनच पाठवा. रुपचंदच्या हातात देऊ नका."

"काबरं? रुपचंदभाऊनी तं सांगं, बँकमा पंधरा दिन जातस. तवलगून भाव पडी जाई."

"पडू द्या. पण बँकेतूनच पाठवा."

"तुम्हले कोनी सांगं?"

सुनंदाबाईंनी नजर पोत्यांकडे वळवली. इंदिराबाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं, आणि त्या जागी जे आलं ते सुनंदाबाईंना बघवलं नाही.

"म्हनजे तुम्ही आयकतस," ती हळू म्हणाली.

"लाईन खराब असली की ऐकावं लागतं."

"मन्ही बहीणसंगे मी रडनू, तेबी? मन्हा धनीनी त्या दुसरी बाईनं नाव मी काढं, तेबी?"

खोटं बोलणं सोपं होतं. सुनंदाबाईंना ते जमलं नाही. "कधीकधी," त्या म्हणाल्या.

इंदिराबाईनं मान फिरवली. पदरानं हात पुसू लागली. रंग निघत नव्हता तरी पुसतच राहिली. तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. रुपचंद आला होता. पांढरी सफारी, हातात चामड्याची बॅग.

"काय अक्का, आवरलं का? बिल्टी द्या, मला रात्रीची गाडी धरायची आहे."

रुपचंदनं सुनंदाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण दिवसातून दहादा ऐकलं होतं. तोंडातून एक शब्द गेला तर संपलं. आताच, या माणसाशी भांडण नको म्हणून इंदिराबाईनं बोट दाखवलं की हीच ती ऑपरेटर, तरीही संपलं. आणि बोट दाखवायला तिला कारण होतं.

"ही कोण?" रुपचंदनं विचारलं.

इंदिराबाईनं सुनंदाबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. "मन्ही मावसबहीण शे. शिंदखेडाथीन उनी."

"असं का! काय ताई, शिंदखेड्याला कोणत्या गल्लीत?"

सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खोकायला सुरुवात केली. आधी ते सोंग होतं. मग खरंच ठसका लागला, असा की मान वर करवेना.

"तिले मिरचीनी सवय नही," इंदिराबाई म्हणाली. "रुपचंदभाऊ, बिल्टी मी बँकमा टाकस."

"आं?"

"पतसंस्थानी अट शे. त्यास्नी सकायमाच निरोप धाडेल शे."

"अहो, पण सेठ ऐकणार नाही! मी शब्द दिलाय!"

"मंग माल उतारी लेस."

रुपचंदनं समजावलं, हसला, भाव वाढवून सांगितला, शेवटी आवाज चढवला. बायकांच्या डोक्यानं धंदा होत नसतो म्हणाला. इंदिराबाईनं हमालांना हाक मारली आणि ट्रकवरचं पहिलं पोतं स्वतः खाली ओढलं. रुपचंद बराच वेळ तिथंच घुटमळला. मग त्यानं फटफटीला लाथ मारली आणि गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सुनंदाबाईंनी डोळे पुसले.

"तुम्ही मन्हा जीव वाचाडा, हाई खरं शे," इंदिराबाई म्हणाली. ती पोत्याची शिवण तपासत होती. "आते जा ताई. आनि एक सांगस. मन्हा फोन लाया, का कान काढी ल्या."

सुनंदाबाई सरळ घरी आल्या. सुकदेव दारातच उभा होता. "डोळे काय झाले?" त्यानं विचारलं. "मिरची," त्या म्हणाल्या. त्यानं ताट वाढलं. ताटावर बसल्या, पण घास फिरत राहिला.

आपण चांगलं केलं की वाईट? एक बाई वाचली, मान्य. पण त्या बाईचं हक्काचं रडायचं ठिकाण आपण उष्टं करून ठेवलं होतं, आणि आज ते तिला कळलं. आपणच कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर रुपचंदची झडप पडली. "सुरत द्या, अर्जंट." सुनंदाबाईंनी धुळं मागितलं, धुळ्यानं सुरत दिलं. लाईन खरखरत होती. "हां सेठ," रुपचंद म्हणाला, "वो बाई का तो नहीं हुआ, लेकिन..."

त्यांनी खट्कन चावी मिटली. आवाज बुडो, तुटो, काही होवो. आता कोणाचंही ऐकायचं नाही. कॉलची ठरलेली मिनिटं संपल्यावरसुद्धा त्यांनी मध्ये तोंड न घालता नुसता प्लग ओढला.

इंदिराबाईनं पुढे ती मिरची धुळ्याच्या मार्केटमध्ये कमी भावानं विकली. थोडा फटका बसला, पण घर सुटलं. फोन ती करायची, मोजकं बोलायची. नंबर सांगायची आणि गप्प बसायची. बहिणीला मात्र तिनं पुन्हा कधी फोन लावला नाही. कोणीतरी म्हणालं, आता ती महिन्यातून एकदा एसटीनं नंदुरबारला बहिणीकडे जाऊन येते.

होळी झाली. धूळवडीनंतरच्या सोमवारी एक्स्चेंज उघडण्याआधीच पायरीवर एक म्हातारा येऊन बसला होता. भाईदास आबा, जवळच्याच खेड्यातले. थोरामोठ्यांसारखी अडत नव्हती त्यांची. गावातल्या लोकांची मिरची विश्वासावर गोळा करायची, ट्रक भरायचा, पैसे आले की घरोघर पोचवायचे, एवढाच व्यवहार. सगळं गाव त्यांना मान देई, कारण आजवर कोणाची पै राहिली नव्हती.

"अक्का, सुरत लाव ना," त्यांनी खिडकीतून नंबर सांगितला.

रुपचंदच्या सेठचाच नंबर कानावर पडला आणि सुनंदाबाईंचे हात बोर्डावरच थांबले.

"माल कधी पाठवला, आबा?"

"होळीना आगोदर. रुपचंदनी जमाडी दिधं. कोनी बाईना सौदा मोडी गया म्हने, मंग मन्हा नंबर लागी गया." आबा समाधानानं हसले. "ड्राफ्ट डाकमा शे म्हने. पन पोस्टवाला रोज नही म्हनस. म्हनं, सेठलेच इचारी ल्यूत."

त्या सकाळी ज्या बोलण्यावर आपण चावी मिटली, ते हे बोलणं होतं. सुनंदाबाईंना एकदम कळलं. आता सांगण्यासारखं उरलं काय होतं?

त्यांनी धुळं मागितलं. धुळ्यानं सुरत दिलं. पलीकडे घंटा वाजू लागली. खूप वेळ वाजली.

"उत्तर नाही, आबा."

"सेठ अजून उना नसी. थोड्या येळखाल परत लाव."

दुपारी परत लावला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी आबा आले, तिसऱ्या दिवशी आले. कोणाला दोष देत नव्हते. रुपचंद गावात नव्हता, मुलीकडे गेला होता म्हणे. एक्स्चेंजच्या बाकावर आबा ताठ बसायचे; धोतर स्वच्छ, टोपी नीट. पाणी विचारलं तर "ऱ्हाऊ दे" म्हणायचे. त्यांच्या खेड्यातले दोघंतिघं एकदा पैशांसाठी शोधत आले, तर आबा उठून बाहेर गेले आणि त्यांच्याशी रस्त्यावरच बोलले. आत आवाज येऊ दिला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी पाळी संपत आली होती. तानुबाई येऊन मागे उभी होती. खिडकीत आबांचा चेहरा आला.

"अक्का, आजून एकदाव लाव. येळ शे ना?"

"आहे, आबा," सुनंदाबाई म्हणाल्या.

लाईन त्या दिवशी कधी नव्हे इतकी स्वच्छ लागली. खरखर नाही, खंड नाही. बंद दुकानातली घंटा अगदी शेजारच्या खोलीत वाजावी तशी ऐकू येत होती. उत्तर नसलं की थोड्या वेळानं प्लग ओढायचा, असा नियम होता. बोर्डावर दुसऱ्या झडपा पडत होत्या. तानुबाईनं खांद्याला हात लावला. सुनंदाबाईंनी प्लग ओढला नाही.

काचेपलीकडच्या सार्वजनिक फोनचा रिसीव्हर आबा दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांनी घसा साफ केला. सेठनं उचललाच, तर पहिला शब्द नीट निघावा म्हणून.